केसाळ शेवाळ आणि दगडात मुरलेला फॉस्फेट

टाकीत शेवाळ माजलं की पहिला सल्ला मिळतो तो नायट्रेट उतरवण्याचा. इथे ज्या रीफ टाकीबद्दल, म्हणजे घरातल्या प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल, लिहितो आहे तिच्यात नायट्रेट आधीच जवळपास शून्य होतं, आणि तरी दगडांवर बोटभर लांब हिरवं केसाळ शेवाळ डुलत होतं. फॉस्फेट मात्र ०.१८ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). हे शेवाळ हटलं त्यात नायट्रेट मुद्दाम वाढवण्याचा मोठा वाटा होता. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून काय केलं, किती मात्रेत केलं आणि का केलं, ते क्रमाने लिहितो.

टाकी मुंबईतल्या फ्लॅटमधली: ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काचेच्या मापाने २५५ लिटर. दगड-वाळूने अडवलेली जागा वजा केली आणि खालच्या सम्पचं, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीचं, पाणी धरलं की खरं पाणी २५० लिटरच्या आसपास. पुढच्या सगळ्या मात्रा याच आकड्यावर काढलेल्या आहेत. आपल्या टाकीचं खरं पाणी आधी मोजून घ्या. काचेच्या मापावर औषधाची मात्रा काढली की ती बहुतेक वेळा जास्त पडते. सॅलिनिटी (खारटपणा) ३५ पीपीटी (हजारात भाग), अल्कलिनिटी (आम्ल शोषण्याची क्षमता) ८ डीकेएच, तापमान २६ अंश. चिलर आहे, कारण एप्रिल-मेमध्ये दिवे आणि पंपांच्या उष्णतेने पाणी सहज ३० च्या वर जातं.

प्रवाळ फक्त मऊ: झोअँथिड, मशरूम, लेदर. दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा त्यांचे दगड उचलून आणू नयेत, कोणी आणून देत असेल तर घेऊ नयेत. म्हणून या टाकीतला दगडही समुद्रातला नाही. खाणीतून काढलेला, कॅल्शियम कार्बोनेटचा कोरडा दगड आहे, सुमारे २० किलो. सगळी मेख या दगडातच होती.

शेवाळ कोणतं, हे आधी

उपाय शेवाळाच्या जातीवर ठरतो, म्हणून ओळख पटल्याशिवाय काहीही ओतू नये. एक झुपका चिमट्याने उपटून पांढऱ्या बशीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात ठेवायचा आणि भिंगातून बघायचा. एकेक धागा साधा, मऊ, ओला केस असावा तसा आणि पाण्याबाहेर काढल्यावर लिबलिबीत गोळा होणारा असेल तर बहुधा डर्बेसिया. धाग्याला दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे असतील तर ब्रायोप्सिस. धागे ताठ, राठ आणि बोटांना खरखरीत लागत असतील तर क्लॅडोफोरा किंवा त्याच्या जवळचं काही. चकचकीत हिरवे फुगे म्हणजे व्हॅलोनिया. तांबडा-जांभळा साय धरल्यासारखा थर, जो पिपेटने फुंकला की सलग सुटतो, ते मुळात शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया आहे. नव्या टाकीत वाळूवर बसणारी तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. ते सिलिकेटवर वाढतात आणि सिलिकेट संपलं की आपोआप ओसरतात. त्यांच्यामागे लागू नये.

इथे होतं ते डर्बेसिया. त्याचा धागा म्हणजे आतून सलग, मध्ये भिंती नसलेली एकच लांब पेशी. धागा तुटला तरी टोक मिटतं आणि तुकडा पुन्हा वाढतो. टाकीत नुसतं ब्रशने घासून सोडून दिलं तर तुकडे प्रवाहाबरोबर फिरतात आणि महिन्याभरात न लागलेल्या दगडांवरही शेवाळ उगवतं. म्हणजे घासायचं ते ओढून घेत घेतच.

आकडे काय सांगतात

फॉस्फेटसाठी हॅना कंपनीचा अल्ट्रा लो-रेंज चेकर, म्हणजे रंगावरून मोजणारं हातातलं मीटर, वापरला. त्याची अचूकता ±०.०२ पीपीएम आणि वर वाचनाच्या ५ टक्के. त्यावर ०.०२ दिसलं तर खरा आकडा शून्यही असू शकतो आणि ०.०४ ही. त्यामुळे एका वाचनावर निर्णय घेत नाही, सलग तीन वाचनांची दिशा बघतो. फॉस्फरसचा चेकर असेल तर तो पीपीबीत (पीपीएमच्या हजाराव्या भागात) आकडा देतो, त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेटचा पीपीएम मिळतो. २० पीपीबी म्हणजे ०.०६ पीपीएम. काचेची कुपी प्रत्येक वेळी तीच वापरावी, त्याच बाजूने आत ठेवावी आणि मऊ कपड्याने पुसावी. बोटाचा ठसा किंवा आत चिकटलेला बुडबुडा वाचन सहज बिघडवतो. आपल्याकडच्या दमट हवेत पुडीतली पावडर ओल धरते. गोळा झालेली पुडी वापरू नये.

नायट्रेट सॅलिफर्टच्या किटने अर्ध्या पीपीएमच्या आत दिसत होतं. दाट शेवाळ असलेल्या टाकीत पाण्यातला आकडा म्हणजे शेवाळ खाऊन उरलेलं. रोज जे तयार होतं ते शेवाळाच्या अंगात जमा होतं आणि किटला दिसत नाही. कमी आकडा बघून 'पाणी स्वच्छ आहे, मग हे वाढतं कशावर' असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर हे. फॉस्फेट ०.१८ उरतोय याचा अर्थ मात्र वेगळा: शेवाळ जितकं खातं त्यापेक्षा जास्त कुठून तरी सुटतंय.

कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतो. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तेव्हा दगड आणि वाळू तो धरून ठेवतात, पाण्यातला उतरला की परत सोडतात. कोरड्या दगडात जुन्या, वाळलेल्या सेंद्रिय अवशेषांचा फॉस्फेट आधीच असू शकतो. त्यावर टाकीच्या पहिल्या काही महिन्यांत घातलेलं खाद्य साठत जातं. मडक्यातून पाणी पाझरावं तसा तो मग महिनोन्‌महिने झिरपत राहतो, आणि नेमका दगडाच्या पृष्ठभागावर, जिथे शेवाळाची मुळं टेकलेली असतात. पाणी बदलून फॉस्फेट उतरत नाही याचं कारण हेच: २५ लिटर बदलले की वाचन थोडं खाली येतं आणि दोन दिवसांत जागेवर जातं.

झिरपणं खरंच दगडातून आहे का, हे पाहायची साधी पद्धत आहे. एक दगड काढून स्वच्छ बादलीत, नव्याने कालवलेल्या समुद्री मिठाच्या पाण्यात ठेवायचा. आत लहान पंप, दिवा नाही, खाद्य नाही. पाण्याचा फॉस्फेट सुरुवातीला, एका दिवसाने आणि तीन दिवसांनी मोजायचा. चढत गेला तर दगड सोडतोय. शेवाळ काढलेला दगड घ्यावा, नाहीतर अंधारात कुजणारं शेवाळच आकडा चढवतं.

बाहेरून काय येतंय

दगडाशी झगडण्याआधी बाहेरची आवक बंद केली. दोन वाटा होत्या: पाणी आणि खाद्य.

एवढ्या टाकीतून मुंबईत रोज ४ लिटरच्या आसपास पाणी उडतं. महिन्याला १२० लिटर, म्हणजे टाकीच्या जवळजवळ निम्मं. पाणी उडतं, त्यातलं बाकी सगळं मागे राहतं. भरणीच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट थोडं जरी असलं तरी ते दर महिन्याला टाकीत साठत जातं. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. त्यातल्या बहुतेक यंत्रांत चवीसाठी टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो, म्हणजे न गाळलेलं थोडं पाणी परत मिसळलं जातं, किंवा शेवटी खनिजांचं काडतूस असतं. ग्लासात टीडीएस मीटर बुडवला की ४०, ६०, ८० असे आकडे दिसतात. टाकीसाठी सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले आयन धरणारे मणी) अशी वेगळी ओळ लागते, आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य लागतो.

रेझिनबद्दल एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. सिलिकेट हे दुर्बळ आयन आहे. रेझिन संपत आलं की पहिल्यांदा तेच सुटतं आणि त्या वेळी मीटर अजून शून्यच दाखवत असतो. टीडीएस शून्य असूनही काचेवर तपकिरी थर परत आला तर रेझिन बदलावं. रंग बदलणारं रेझिन असेल तर शेवटचा एक तृतीयांश भाग उरला असतानाच बदललेलं बरं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा सेडिमेंट फिल्टर आठवड्यातच तांबूस होतो. तो स्वस्त आहे, लगेच बदलावा, म्हणजे महागडा मेम्ब्रेन वाचतो. आणि मुंबईच्या किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी आणून वापरणं पूर्णपणे टाळावं. शहराचं सांडपाणी त्याच पाण्यात जातं.

खाद्याचा हिशेब मात्र सगळ्यांनी एकदा कागदावर करून बघावा. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. १ ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. ते सगळं २५० लिटरमध्ये विरघळलं तर फॉस्फेट ०.१२ पीपीएमने चढेल. सगळं विरघळत नाही, काही माशांच्या अंगी लागतं, काही स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) काढतो. पण चिमटीने 'थोडंसं' म्हणून टाकताना सहज एक ग्रॅम जातो, हे काट्यावर तोलल्याशिवाय पटत नाही. खाद्य दिवसाला ०.३ ग्रॅमवर आणलं, दोन वेळांत विभागून. गोठवलेली मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) गाळणीत घेऊन आरओ पाण्याखाली वितळवून धुतली, वितळलेलं पाणी टाकीत जाऊ दिलं नाही. मासे उपाशी ठेवण्याची गरज नसते, आणि उपासाने शेवाळ जातही नाही. सणासुदीला गावी जाताना शेजाऱ्यांच्या हातात खाद्याचा डबा कधीही देऊ नये, रोजची एक याप्रमाणे पुड्या बांधून द्याव्यात. प्रेमाने घातलेलं जादा खाद्य चार दिवसांत महिन्याचं काम पुसून टाकतं.

हाताने काढणं

सगळ्यात जास्त फॉस्फेट एका झटक्यात टाकीबाहेर जातो तो इथे. त्यामुळे हे काम टाळून औषधाकडे वळणं मला पटत नाही. दाट शेवाळ असताना औषध टाकलं तर ते सगळं टाकीतच मरतं, कुजतं, अमोनिया चढतो, रात्री ऑक्सिजन उतरतो आणि अंगात साठवलेला फॉस्फेट परत पाण्यात येतो.

निघण्यासारखे दगड एकेक करून बादलीत घेतले. बादलीत टाकीचंच पाणी. झुपके आधी बोटांनी मुळापासून उपटले, मग कडक केसांच्या ब्रशने घासले, दगड दुसऱ्या बादलीत खळबळून परत ठेवला. बादल्यांतलं पाणी फेकायचं, गाळून परत वापरायचं नाही. एका बैठकीत एकूण दगडांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त घेतले नाहीत, कारण घासताना दगडावरचे उपयुक्त जिवाणूही जातात. झोअँथिड असलेला दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, आणि घासताना तोंडावर उडालेला थेंब डोळ्यात जाणं गंभीर ठरू शकतं. असे दगड गरम पाण्यात घालणं किंवा उकळणं तर कदापि नाही.

न निघणाऱ्या दगडांसाठी ६ मिलिमीटर व्यासाच्या लवचिक नळीच्या तोंडाशी टूथब्रश रबरबँडने बांधला, ब्रशचे केस नळीच्या तोंडापुढे अर्धा सेंटिमीटर. घासलेलं तिथल्या तिथे ओढलं जातं. जाड नळी घेतली तर दोन मिनिटांत बादली भरते आणि काम अर्धवट राहतं. नळीचं दुसरं टोक सम्पमधल्या २०० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) सोडलं की पाणी परत येतं आणि हवा तितका वेळ काम करता येतं. सॉक काम संपताच काढून धुवायचा. त्यात अडकलेलं शेवाळ रात्रभर राहिलं तर काढून काय उपयोग?

नायट्रेट वाढवणं आणि सम्पमध्ये चीटो

तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण साधारण १०६:१६:१ असतं. रेडफिल्ड गुणोत्तर ते हेच. पण तळाला धरून वाढणाऱ्या समुद्री शेवाळांचं प्रमाण वेगळं असतं. अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये दिलेला मध्यम आकडा ५५०:३०:१ आहे. वजनात मांडलं तर १ भाग फॉस्फेट उचलायला सुमारे २० भाग नायट्रेट लागतं. टाकीत नायट्रेट शून्य असेल तर सम्पमधलं चांगलं शेवाळ, म्हणजे चीटोमॉर्फा (थोडक्यात चीटो), वाढत नाही. ते फिकट होतं, तुटतं, आणि दगडातून झिरपणारा फॉस्फेट तसाच राहतो. प्रवाळांचंही तेच. डर्बेसिया मात्र दगडाला धरून असतं, तिथे साचलेला गाळ कुजून त्याला नायट्रोजन थोडं थोडं मिळत राहतं.

म्हणून दगड घासून झाल्यावर, आधी नव्हे, नायट्रेट द्यायला सुरुवात केली. प्रयोगशाळेच्या दर्जाचं सोडियम नायट्रेट ३४ ग्रॅम, आरओ-डीआय पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर. या द्रावणाचे १० मिलिलिटर २५० लिटरमध्ये १ पीपीएम नायट्रेट वाढवतात. रोज १० मिलिलिटर, दर तिसऱ्या दिवशी मोजणी, ५ पीपीएमवर पोचलं की तेवढं टिकेल इतकंच. शेतीचं खत वापरू नये, त्यात तांब्यासह इतर धातू असू शकतात. कोरडं सोडियम नायट्रेट आगीपासून, तेलापासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवावं.

चीटो मूठभरच घेतलं होतं. वर उष्ण पांढऱ्या-तांबड्या छटेचा एलईडी दिवा, टाकीचे दिवे बंद असताना रात्री १२ तास. उलट्या वेळेमुळे रात्री पीएच फार घसरत नाही. गोळा इतकाच ठेवायचा की पाणी त्यातून फिरून जाईल आणि खालच्या बाजूलाही उजेड पोचेल. आत काळोख पडला की मधला भाग कुजायला लागतो. जागा भरली की एक तृतीयांश काढून टाकायचं. काढलेल्या शेवाळाबरोबरच फॉस्फेट घराबाहेर जातो, नुसतं वाढवून ठेवण्यात काही फायदा नाही. सम्पमध्ये जागा नसेल तर अल्गी स्क्रबर, म्हणजे खरबरीत केलेल्या प्लास्टिक जाळीवरून पाण्याचा पातळ पडदा सोडून तिच्यावरच शेवाळ वाढवायचं आणि आठवड्याला खरवडायचं. स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी ही कल्पना पुढे आणली. जाळी खरबरीत करण्यात कंजुषी केली तर शेवाळ धरत नाही, सगळं सुटून टाकीत येतं.

जीएफओ, बेताने

चीटो धरल्यावर उरलेल्या फॉस्फेटसाठी फॉस्फेट धरून ठेवणारं दाणेदार फेरिक ऑक्साइड (जीएफओ) घेतलं. सुरुवात डब्यावरच्या मात्रेच्या एक चतुर्थांशाने. दाणे आधी आरओ पाण्यात तांबडी धूळ पूर्ण जाईपर्यंत धुवावेत, रिअ‍ॅक्टरमध्ये (दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात) वरचा थर जेमतेम हलेल इतकाच प्रवाह ठेवावा. जोरात फिरवलं तर दाणे एकमेकांवर घासून पीठ होतं आणि ते टाकीत उतरतं. रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा फॉस्फेट टाकीच्या पाण्याइतका आला की दाणे संपले. आमच्याकडे पहिले दाणे आठवड्याच्या आत संपले, पुढचे त्याहून जास्त टिकले, आणि दगड रिकामा होतोय याची सगळ्यात भरवशाची खूण ती होती.

घाई इथे महागात पडते. फॉस्फेट दोन-तीन दिवसांत ०.१८ वरून ०.०३ वर आणला तर झोअँथिड मिटतात आणि आठवडाभर उघडत नाहीत. दगडी प्रवाळ असलेल्या टाकीत तर मांसल भाग सुटू लागतो. आठवड्याला ०.०३ ते ०.०४ हा वेग ठेवला. लॅन्थॅनम क्लोराइड याहून स्वस्त आणि वेगवान आहे, पण त्याचा गाळ बारीक सॉकमध्ये अडकला नाही तर माशांच्या कल्ल्यांवर बसतो. विशेषतः टँग (सर्जनफिश) असलेल्या टाकीत ते मी सुचवणार नाही.

पेरॉक्साइड कुठे आणि किती

भेगांत, प्रवाळाच्या बुंध्याशी जिथे ब्रश पोचत नाही तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली बहुधा ६ टक्के, २० व्हॉल्यूमची असते. परदेशी मजकुरातल्या सगळ्या मात्रा ३ टक्क्यांच्या असतात, म्हणून तितकंच आरओ-डीआय पाणी मिसळून ती ३ टक्के करून घ्यावी. लेबल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दगड बाहेर काढता येत असेल तर बाहेरच: शेवाळावर पिचकारीने ३ टक्के द्रावण, प्रवाळ टाळून, तीन ते पाच मिनिटं, मग टाकीच्या पाण्याच्या बादलीत धुऊन आत. बुडबुडे लगेच दिसतात, शेवाळ दोन-चार दिवसांत पांढरट पडतं आणि मग गोगलगायी ते खातात. आत द्यायचं असेल तर पंप बंद करून, सिरिंजला बारीक नळी लावून, थेट झुपक्याच्या मुळाशी, दहा मिनिटांनी पंप चालू. एका दिवसात ४० लिटरला १ मिलिलिटरच्या वर जायचं नाही, म्हणजे या टाकीत ६ मिलिलिटर. लायस्माटा कोळंबीला हे सोसत नाही, ती असेल तर दगड बाहेर काढूनच काम करावं. चीटोही पेरॉक्साइडने मरतं. त्या वेळेपुरतं सम्पचं पाणी वेगळं ठेवलं.

चरणारे जीव

गोगलगायी लांब शेवाळ खात नाहीत. त्या खातात ते अर्ध्या सेंटिमीटरच्या आतलं. म्हणून त्या घासणीनंतर आणल्या, आधी आणल्या असत्या तर उपाशी राहिल्या असत्या. दुकानात सगळ्यांनाच 'टर्बो' म्हणतात, तेव्हा जात विचारून घ्या: ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस या जाती कायद्याने संरक्षित आहेत. अ‍ॅस्ट्रिया उलटी पडली की तिला स्वतःहून सरळ होता येत नाही, रोज एक नजर टाकून उचलून ठेवावी लागते. नॅसेरियस वाळूतलं उरलंसुरलं खाद्य खाते, शेवाळ नाही. शंखातला हर्मिट खेकडा रिकामा शंख मिळाला नाही तर गोगलगायीला मारून तिचा शंख घेतो. २५० लिटरला दहा-बारा गोगलगायी पुरेशा झाल्या. पन्नास आणायचा सल्ला ऐकू नये. शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि कुजून तोच फॉस्फेट परत देतात. लॉनमोअर ब्लेनी, सॅलेरियस फॅसिएटस, उत्तम चरतो, पण शेवाळ संपल्यावर त्याला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावून द्यावा लागतो. तो खातोय याची खात्री करून मगच विकत घ्यावा.

दिवे आठ तास, पांढरा आणि तांबडा रंग कमी. स्किमरच्या गळ्यातला चिकट थर आठवड्याला पुसला, नाहीतर फेस वर चढत नाही. दगडांमागे गाळ साचतो तिथे पिपेटने फुंकून मग सॉक बदलला. पंपांची बेरीज तासाला ५,००० लिटर, टाकीच्या वीस पट.

शून्याची भीती

शेवाळ ओसरायला लागलं की हात थांबवता यायला हवा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की रिकाम्या झालेल्या दगडांवर डायनोफ्लॅजेलेट येतात: तपकिरी, शेंबडासारखे तंतू, टोकाला बुडबुडे, दुपारी दाट आणि रात्री विरळ. केसाळ शेवाळापेक्षा हे कितीतरी वाईट. संशय आला तर नमुना बाटलीत घेऊन जोरात हलवायचा, टिश्यूतून गाळायचा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवायचं. तंतू पुन्हा एकत्र आले तर डायनो. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात उतरतात, त्यांच्यावर यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) चालतो. अ‍ॅम्फिडिनियम वाळूतच राहतात, त्यांच्यावर यूव्हीचा उपयोग नाही. फरक चारशे पट सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. फॉस्फेट ०.०५ च्या आसपास आला तेव्हा जीएफओ काढून टाकलं. नायट्रेट ५ वरच ठेवलं. दगड थोडं थोडं सोडत राहिला, ते चीटोने उचललं.

प्रगती काचेवर दिसते. आधी काच रोज पुसावी लागायची, मग दोन दिवसांआड, मग चार-पाच दिवसांनी. दगडावरचं उरलेलं शेवाळ फिकट आणि आखूड होतं, चिमट्याने धरलं की मुळासकट सुटतं. दोन-अडीच महिने यात जातात. दगडाने वर्षभर साठवलेलं असेल तर याहून जास्त.

ब्रायोप्सिस निघालं तर

वरच्या सगळ्याने ब्रायोप्सिस हटत नाही, कमी पोषणातही ते टिकून राहतं. त्यावर फ्लुकोनाझोल चालतं: लिटरला ५ मिलिग्रॅम, २५० लिटरला १,२५० मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅमच्या साधारण आठ गोळ्या. औषध चिठ्ठीवर मिळणारं आहे, ते रीतसर घ्यावं. आधी जितकं हाताने निघेल तितकं काढायचं. कार्बन आणि जीएफओ काढून ठेवायचं, स्किमर हवेसाठी चालू पण कप बाहेर, यूव्ही बंद. गोळ्या कुटून कोमट आरओ पाण्यात कालवून सम्पमध्ये. दोन ते तीन आठवडे पाणी बदलायचं नाही. पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही, म्हणून दुसरी मात्रा देऊ नये. नंतर ते पांढरं पडतं, तेव्हा ओढून घ्यायचं, २० टक्के पाणी बदलायचं आणि नवा कार्बन लावायचा. व्हॅलोनियावर याचा भरवसा नाही. तो फुगा सुरीच्या टोकाने अख्खा सुटा करून नळीने ओढावा.

नवा प्रवाळ घेताना तो ज्या तुकड्यावर बसवलाय तो तुकडा शक्यतो कापून फेकावा. ब्रायोप्सिस आणि व्हॅलोनिया टाकीत शिरतात ते बहुतेक वेळा त्या तुकड्याच्या खालच्या बाजूने. बुंधा पेरॉक्साइडने पुसून, धुऊन, नव्या कोऱ्या तुकड्यावर चिकटवावा आणि वेगळ्या लहान टाकीत, उजेडात, चार ते सहा आठवडे ठेवावा. कमी उजेडात ठेवला तर शेवाळ दबून राहतं आणि मोठ्या टाकीच्या दिव्याखाली गेल्यावर उगवतं.